पोटॅशचं पाणी गार पडतं, पोटॅशिअमचं पेटतं

चोपडा तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न असा आहे. मुलगी अकरावी सायन्सला. कॉलेजात सरांनी सोडिअमचा मुगाएवढा तुकडा पाण्यात टाकून दाखवला. तो पाण्यावर सैरावैरा पळाला आणि शेवटी पिवळ्या ज्योतीनं पेटला. घरी येऊन ती विचारते, मिठात तेच सोडिअम आहे तर भाजीत मीठ घातल्यावर काही का होत नाही? आणि केळीला आपण पोत्यांनी पोटॅश देतो, ड्रममध्ये कालवून ड्रिपमधून सोडतो, तेव्हा ड्रम का पेटत नाही? ताईंचा स्वतःचाही एक प्रश्न आहे: हे अल्क धातू पुस्तकाबाहेर, रोजच्या जगण्यात आहेत तरी कुठे?

मी एकतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं आणि त्यातली बरीच वर्षं प्रयोगशाळा सांभाळली. घर रावेरकडचं, केळीचं. त्यामुळे सोडिअमची बाटली आणि पोटॅशची पोती, दोन्ही हाताळलेली आहेत. मुलीचा प्रश्न फार नेमका आहे. बारावीचे पेपर उत्तम सोडवणारी कितीतरी मुलं हा प्रश्न न पडताच पास होतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ड्रमपासूनच सुरू करू. पुढच्या वेळी पांढरं पोटॅश कालवाल तेव्हा मुलीला ड्रमपाशी उभं करा. आधी साध्या पाण्यात हात बुडवायला सांगा. मग पोटॅश ओता, बांबूनं ढवळा आणि पुन्हा हात बुडवायला सांगा. पाणी चांगलंच गार लागेल. शंभर लिटर पाण्यात दहा किलो पोटॅश पूर्ण विरघळलं तर पाण्याचं तापमान पाच अंशांच्या आसपास खाली येतं. पावसाळ्यातल्या दमट सकाळी ड्रमला कधीकधी बाहेरून घामही सुटतो. पोटॅश एकदम न ओतता थोडं थोडं टाका असं सांगतात त्यामागेही हेच कारण आहे: पाणी गारठत जातं तसं विरघळणं मंदावतं आणि तळाशी खडे राहतात.

आता याच पोटॅशमधलं पोटॅशिअम वेगळं काढलं, निव्वळ धातू म्हणून, आणि जोंधळ्याच्या दाण्याएवढा तुकडा पाण्यात टाकला, तर तो पाण्याला लागताक्षणी फिक्या जांभळ्या ज्योतीनं पेटतो. मूलद्रव्य एकच, पाणीही तेच. एकीकडे पाणी गारठतं आणि दुसरीकडे आग लागते.

फरक एका इलेक्ट्रॉनचा आहे. लिथिअम, सोडिअम, पोटॅशिअम, रुबिडिअम, सीझिअम आणि फ्रान्सिअम या सहाही अल्क धातूंच्या अणूत सगळ्यात बाहेरच्या कवचात एकच इलेक्ट्रॉन असतो आणि तो सैल धरलेला असतो. समोर पाणी येवो, हवेतला ऑक्सिजन येवो की क्लोरिन, तो इलेक्ट्रॉन देऊन टाकायची त्यांना घाई असते, आणि देताना भरपूर उष्णता बाहेर पडते. मुलीनं कॉलेजात पाहिली ती हीच देवघेव. पोत्यात जे असतं ते पोटॅशिअम क्लोराइड. त्यातल्या प्रत्येक पोटॅशिअमनं आपला इलेक्ट्रॉन क्लोरिनला केव्हाच दिलेला आहे. उरला तो आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन देऊन धनभारित झालेला अणू, आणि आयनाजवळ आता देण्यासारखं काही नाही. चुलीतली राख पुन्हा पेटत नाही ना, तसंच हे. मिठातलं सोडिअम म्हणजे पेटून शांत झालेलं सोडिअम. पाण्यात ते फक्त विरघळतं. मुलीला हे एवढं पक्कं समजलं तर आवर्त सारणीच्या पहिल्या गणातलं, म्हणजे याच अल्क धातूंचं, निम्मं रसायनशास्त्र तिच्या हातात आलं असं मी समजतो. तेव्हा यापुढे वाचताना प्रत्येक ठिकाणी स्वतःला विचारायचं: इथे धातू आहे की आयन?

धातू कसा दिसतो ते सांगतो, कारण लांबून प्रयोग पाहताना ते नीट कळत नाही. रॉकेलच्या बाटलीतून चिमट्यानं सोडिअमचा गोळा काढला की तो राखाडी, पापुद्रे आल्यासारखा, अगदी टाकाऊ दिसतो. गाळणकागदावर रॉकेल टिपून घ्यायचं आणि साध्या चाकूनं कापायचं. चाकू खव्यातून जावा तसा जातो. कापलेली बाजू चांदीसारखी लख्ख चमकते. पण दहा-पंधरा आकडे मोजेपर्यंत त्या चकाकीवर धुरकट साय चढते आणि मिनिटाभरात पुन्हा राखाडी. हवेतला ऑक्सिजन आणि दमटपणा त्याला एवढीही उसंत देत नाहीत. वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या मुलांना मी मुद्दाम पुढे बोलावून हे दाखवायचो. पाण्यातली आग सगळ्यांना आठवते, पण धातूचा स्वभाव कळतो तो या सायीवरून.

बाकी गुणधर्म पुस्तकात आहेतच. मला त्यात सगळ्यात मोलाचे वाटतात ते वितळणबिंदू. लिथिअम १८० अंशांवर वितळतं, सोडिअम ९८ वर, पोटॅशिअम ६३.५ वर, रुबिडिअम ३९ वर आणि सीझिअम २८.५ वर. लोखंडाला १५०० पार करावे लागतात. आपल्याकडे भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. त्या दुपारी बंद काचनळीतलं सीझिअम आणि रुबिडिअम, दोन्ही सावलीतच पाण्यासारखी हलतील. अणू मोठा होत जातो तसा त्या एकुलत्या इलेक्ट्रॉनमुळे होणारा बंध ढिला पडत जातो, म्हणून हा उतरता क्रम. आणि मोठ्या अणूतला इलेक्ट्रॉन केंद्रापासून लांब, म्हणून तो काढून घ्यायलाही सोपा. मऊपणा, लवकर वितळणं आणि चपळाईनं अभिक्रिया करणं या तीन वेगळ्या गोष्टी म्हणून पाठ करू नयेत, तिघींचं मूळ एकच आहे.

इथे एक गोष्ट हुशार मुलांनाही चकवते. पाण्याशी अभिक्रिया करताना एका मोलमागे, म्हणजे सारख्याच संख्येच्या अणूंमागे, सर्वांत जास्त उष्णता कोण देतं, विचारा. बहुतेक सगळे पोटॅशिअम म्हणतील. उत्तर आहे लिथिअम. ते सुमारे २२३ किलोज्यूल देतं, पोटॅशिअम १९६ आणि सोडिअम १८४. तरी लिथिअम पाण्यावर नुसतं खदखदत राहतं आणि पोटॅशिअम पेटतं. कारण लिथिअम त्या उष्णतेनं वितळत नाही, त्याचा पृष्ठभाग तेवढाच राहतो आणि काम सावकाश चालतं. सोडिअम आणि पोटॅशिअम वितळून गोल थेंब होतात, थेंब पळतो, नवा पृष्ठभाग उघडा पडतो आणि वेग वाढत जातो. एकूण उष्णता किती यापेक्षा ती किती वेळात बाहेर पडली, यावर भडका ठरतो.

स्फोट का होतो याचं उत्तर आम्हीही वर्षानुवर्षं एवढंच द्यायचो की हायड्रोजन तयार होतो आणि तो पेटतो. ते खरं आहे, पण पुरतं नाही. हायड्रोजन तर धातू आणि पाण्याच्या मध्येच साठतो, मग त्या वायूच्या थरानं दोघांना वेगळं करून अभिक्रिया थांबायला हवी. २०१५ साली चेक शास्त्रज्ञ पावेल युंगवर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिवेगवान कॅमेऱ्यानं सोडिअम-पोटॅशिअमच्या द्रव मिश्रधातूचा थेंब पाण्यात पडताना टिपला. मिलिसेकंदापेक्षाही कमी वेळात थेंबातून सगळीकडे काट्यांसारखी टोकं बाहेर आली. इलेक्ट्रॉन इतक्या झपाट्यानं पाण्यात जातात की मागे राहिलेले धनभारित आयन एकमेकांना ढकलून थेंब फाडून टाकतात. धातू आणि पाण्याला नवनवी जागा मिळत जाते, आणि मग स्फोट. दोनशे वर्षं वर्गावर्गांत दाखवल्या जाणाऱ्या प्रयोगात इतकं पाहायचं राहिलं होतं. मला हे वाचून फार आनंद झाला होता.

रॉकेलमध्ये ठेवण्याबद्दल. रॉकेल पाण्याला थारा देत नाही आणि हवाही लागू देत नाही, शिवाय ते सोडिअमपेक्षा हलकं, म्हणून सोडिअम आणि पोटॅशिअम त्यात बुडून राहतात. लिथिअमची घनता फक्त ०.५३, ते रॉकेलवरही तरंगतं आणि उघडं पडतं. म्हणून लिथिअम मेणात किंवा व्हॅसलीनसारख्या चिकट तेलात गुंडाळून ठेवतात. बाटलीचं तोंड नीट बंद नसेल तर रॉकेल उडून जातं आणि खान्देशी उन्हाळ्यात फारच लवकर उडतं. मार्च ते जून दर पंधरा दिवसांनी बाटलीची पातळी पाहायची, हा नियम मी पुढच्या प्रत्येक लॅब असिस्टंटला सांगून ठेवला.

एक अपघात सांगायलाच हवा. बी.एस्सी.च्या मुलांची लासेनची चाचणी चालू होती. या चाचणीत सेंद्रिय पदार्थ सोडिअमबरोबर तापवतात आणि त्यातलं नायट्रोजन, गंधक, क्लोरिन हुडकतात. कॉलेजात सोडिअमची बाटली असते ती मुख्यतः यासाठीच. एका मुलानं सोडिअम टिपलेला गाळणकागद ओल्या बेसिनमध्ये टाकला. कागदाच्या घडीत डाळीएवढा तुकडा राहून गेला होता. रॉकेलानं भिजलेला कागद भपकन पेटला आणि शेजारचा मुलगा घाबरून पाण्याचा नळ उघडायला धावला. मी वाळूची बादली ओतली म्हणून तेवढ्यावर निभावलं. मुलाच्या मनगटाला फोड आले, डाग पुढे राहिला. चूक त्या मुलाची म्हणता येत नाही. टिपकागद टाकायला वेगळं कोरडं भांडं ठेवलेलं नव्हतं आणि ते ठेवणं माझं काम होतं. दुसऱ्या दिवसापासून झाकणाचा पत्र्याचा डबा आला आणि शेवटपर्यंत राहिला.

जे प्रयोगशाळा सांभाळतात त्यांच्यासाठी आणखी दोन गोष्टी. सोडिअम पेटलं तर पाणी नको, फेसाचं किंवा कार्बन डायऑक्साइडचं नळकांडंही नको. कोरडी वाळू चालते, अगदी कोरडं मीठ त्याहून चांगलं. आणि पोटॅशिअम वर्षानुवर्षं पडून असेल, त्यावर पिवळं-नारिंगी कवच चढलं असेल, तर त्याला चाकू लावू नका. ते सुपरऑक्साइड, म्हणजे जास्तीचा ऑक्सिजन धरून बसलेलं संयुग असतं. रॉकेल लागलेल्या धातूत ते दाबलं गेलं की नुसत्या कापण्यानं स्फोट होऊ शकतो. अशी बाटली हलवाहलव न करता जाणकाराच्या ताब्यात द्यावी. आणि मुलीला माझ्यातर्फे सांगा, धातू घरी आणायचा नाही. व्हिडिओ पाहून तर मुळीच नाही.

आता रोजचं जगणं. इथे धातू जवळजवळ कुठेच नाही, सगळीकडे आयन आहेत, आणि माणसाला ते धातूच्या कितीतरी आधीपासून माहीत आहेत. माझी आजी चुलीतली राख चाळून ठेवायची आणि तेलकट पातेलं नारळाच्या शेंडीला राख लावून घासायची. लाकडाच्या राखेत पोटॅशिअम कार्बोनेट असतं. ओल्या राखेचा हात जरा वेळाने बुळबुळीत लागतो, तो त्या क्षाराचा परिणाम. राख पाण्यात कालवायची, निवळी आटवायची आणि भांड्यात उरलेला पांढरा क्षार काढायचा, ही युरोपातली जुनी रीत. भांडं म्हणजे पॉट, राख म्हणजे अॅश, त्यावरून पोटॅश हे नाव पडलं. अल्कली हा शब्दही राखेसाठीच्या अरबी शब्दावरून आला आणि पोटॅशिअमची K ही खूण ज्या केलिअम नावावरून आली, तेही त्याच कुळातलं. त्या राखेत धातू लपला आहे हे १८०७ पर्यंत कोणी पाहिलं नव्हतं. त्या वर्षी लंडनमध्ये हंफ्री डेव्हीनं वितळलेल्या कॉस्टिक पोटॅशमधून (पोटॅशिअम हायड्रॉक्साइडमधून) बॅटरीचा प्रवाह सोडला आणि चांदीसारखे थेंब बाहेर आले, आले तसे पेटलेही. काही दिवसांतच त्यानं सोडिअमही काढलं. म्हणजे काय केलं? दिलेला इलेक्ट्रॉन विजेच्या जोरावर आयनाला परत घ्यायला लावला. आजही सोडिअम असंच काढतात, मीठ वितळवून त्यातून वीज सोडून.

राखेचा दुसरा भाऊ म्हणजे पापडखार. उन्हाळ्यात आपल्याकडे गच्चीगच्चीवर उडदाचे पापड वाळत असतात, त्या पिठात जातो तो पापडखार सोडिअमच्या कार्बोनेट आणि बायकार्बोनेटचा. त्यानं पीठ ताणलं जातं आणि तळताना पापड फुलतो. मुलीला एक करायला सांगा. वाटीत चिमूटभर हळद पाण्यात कालवायची आणि त्यात पापडखाराचं पाणी टाकायचं. हळद क्षणात लालसर तपकिरी होते. लिंबू पिळलं की परत पिवळी. भरताचे डाग पडलेल्या सदऱ्याला साबण लावताच डाग लाल का होतो, तेही यातच आलं. खायचा सोडा म्हणजे निव्वळ बायकार्बोनेट, तापला किंवा आंबटाशी गाठ पडली की कार्बन डायऑक्साइड सोडतो. ढोकळ्यात तो शोभतो, पण डाळ लवकर शिजावी म्हणून टाकू नये. त्यानं डाळीतलं ब-१ जीवनसत्त्व जातं.

साबण म्हणजे तेल किंवा चरबी अधिक कॉस्टिक सोडा. सोडिअमचा साबण कडक वडी होतो, पोटॅशिअमचा मऊ राहतो, म्हणून पातळ साबणात आणि दाढीच्या क्रीममध्ये पोटॅशिअमचा वापर. आपल्या अमळनेरला १९४५ साली वनस्पती तुपाचा कारखाना निघाला आणि पुढे तिथेच कपड्यांचा साबणही होऊ लागला. ती कंपनी म्हणजे आजची विप्रो. आयटीचं नाव ऐकणाऱ्या मुलांना मी हे सांगायचो तेव्हा त्यांचा विश्वास बसायचा नाही. तुरटीत पोटॅशिअम आहे, विहिरीत टाकायच्या पोटॅशिअम परमँगनेटमध्ये नावातच आहे, आणि आयोडीनयुक्त मिठात आयोडीन असतं ते पोटॅशिअम आयोडेटच्या रूपात.

शेतीवर जरा थांबतो, कारण ताईंचा ड्रम तिथेच आहे. पोटॅशच्या पोत्यावर ६० टक्के लिहिलेलं असतं, तो पालाश मोजण्याचा हिशेब आहे, पोटॅशिअम ऑक्साइडच्या रूपातला. केळीला झाडामागे २०० ग्रॅम पालाश द्यायचा म्हटलं तर सुमारे ३३३ ग्रॅम पोटॅश लागतं, तेही एकदम न देता हप्त्याहप्त्यानं. पानावरची सूक्ष्म छिद्रं उघडायची-मिटायची ती पोटॅशिअमच्या जोरावर, आणि पानात तयार झालेली साखर घडापर्यंत पोचवायलाही तेच लागतं. म्हणून केळीच्या लावणीचा हंगाम मृगबागेचा असो की कांदेबागेचा, पालाश कमी पडला की घड भरत नाही, फण्या बारीक राहतात. खूण सोपी आहे: जुन्या, खालच्या पानांच्या कडा आणि टोकं आधी पिवळी-नारिंगी होऊन करपतात. आधी जुनीच पानं का, हे मुलीला विचारा. पोटॅशिअमचा आयन झाडात कुठेही बांधला जात नाही, मोकळा फिरतो, त्यामुळे कमी पडलं की झाड ते जुन्या पानातून काढून नव्याला देतं.

लाल पोटॅश ड्रिपमध्ये सोडू नये. त्यात लोहाची न विरघळणारी घाण असते, ती ड्रिपर बुजवते. पांढरं वापरावं, तेही गाळून. आपण ड्रिपमधून १३:००:४५ सोडतो ते म्हणजे पोटॅशिअम नायट्रेट, बंदुकीच्या दारूतला जुना सोरा तो हाच. स्वतः पेटत नाही, पण पेटलेल्याला ऑक्सिजन पुरवतो, म्हणून हे पोतं डिझेलच्या कॅनजवळ किंवा गंधकाच्या पिशवीशेजारी ठेवायचं नाही. गोदामात हे सर्रास एकत्र दिसतं आणि मला ते पाहवत नाही. आणि घड कापल्यावर खोड बांधावर फेकू नका. झाडानं उचललेला बराच पालाश खोडात आणि पानांत असतो, बारीक करून त्याच रानात मिसळला तर पुढच्या पिकाला मिळतो.

जमिनीत पोटॅशिअम जितकं हवं तितकंच सोडिअम नको असतं. काळ्या भारी रानात निचरा नसला, पाणी खारट असलं की सोडिअमचा आयन मातीच्या कणांना चिकटून बसतो. एकूण जागांपैकी १५ टक्क्यांहून जास्त जागा त्यानं घेतल्या की जमीन चोपण झाली म्हणायची. पाऊस पडला की माती लोण्यासारखी चिकट, वाळली की दगड. अशा रानाला धुऊन भागत नाही. जिप्सम टाकायचा, त्यातलं कॅल्शिअम सोडिअमला ढकलून त्याची जागा घेतं, आणि मग निचऱ्याच्या चरातून सोडिअम वाहून जातं. चर नसेल तर जिप्समचे पैसे वाया.

शरीराचंही तसंच. रक्तात सोडिअम लिटरमागे १३५ ते १४५ मिलिमोल आणि पोटॅशिअम जेमतेम ३.५ ते ५. पेशीच्या आत मात्र उलटं: पोटॅशिअम भरपूर, सोडिअम कमी. या फरकावर मज्जातंतूंचे निरोप आणि हृदयाचे ठोके चालतात. मे महिन्यात घड कापायला गेलेला माणूस घामातून सोडिअम घालवतो आणि नुसतं पाणी ढोसतो तेव्हा पायात गोळे येतात, चक्कर येते. त्याला ओआरएस द्या. एक लिटरच्या पुडीत २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशिअम क्लोराइड, २.९ ग्रॅम सोडिअम सायट्रेट आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. ग्लुकोज चवीसाठी नसतं, आतड्यातून सोडिअम आत ओढायला ते लागतं. इतर वेळी मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि पापड, लोणचं, शेव धरली तर आपल्या ताटात ते सहज ओलांडतं. ज्यांची किडनी कमजोर आहे त्यांनी केळी, नारळपाणी आणि बाजारातलं कमी सोडिअमचं मीठ डॉक्टरांना विचारूनच घ्यावं. त्या मिठात बराच भाग पोटॅशिअम क्लोराइडचा असतो, आणि रक्तात पोटॅशिअम वाढलं तर हृदय थांबू शकतं. हे मीठ आरोग्यदायी म्हणून घरोघरी येतंय, म्हणून मुद्दाम लिहितो.

लिथिअम आता प्रत्येकाच्या खिशात आहे. १९९१ साली लिथिअम-आयन बॅटरी बाजारात आली आणि २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल तिच्याच तीन शास्त्रज्ञांना मिळालं. नावातच उत्तर आहे: चार्ज करताना आणि वापरताना लिथिअमचा आयन एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला ये-जा करतो. मग ई-बाइकची बॅटरी पेटते कशानं? मुख्यतः आतल्या ज्वालाग्राही द्रवानं. म्हणून तिथे भरपूर पाणी मारून ती थंड करणं हाच उपाय आहे, सोडिअमचा नियम इथे लावू नका. ४५ अंशांच्या उन्हात उभी करून लगेच चार्जिंगला लावू नका, आधी सावलीत निवू द्या. बटणाएवढा सेल लहान मुलानं गिळला तर मात्र एक मिनिट दवडू नका. अन्ननलिकेत अडकला की त्याच्या विजेनंच तिथे क्षार तयार होतो आणि दोन तासांत भाजू शकतं.

हेच लिथिअम कार्बोनेटच्या रूपात मनाच्या आजारावर औषध आहे. ऑस्ट्रेलियातले डॉक्टर जॉन केड यांनी १९४९ साली ते पुढे आणलं. घरात कोणी हे औषध घेत असेल तर उन्हाळ्यात जपा. घाम फार गेला, पाणी कमी पडलं किंवा मीठ एकदम बंद केलं की किडनी लिथिअम धरून ठेवते आणि रक्तातलं प्रमाण धोक्याच्या पातळीला जातं. हात कापू लागले, जुलाब झाले, बोलणं अडखळलं तर लगेच डॉक्टरांकडे.

रुबिडिअम आणि सीझिअम घरात सापडणार नाहीत, पण सेकंद त्यांच्या हातात आहे. सीझिअमच्या अणूच्या ठरावीक प्रारणलहरीच्या ९,१९,२६,३१,७७० आवर्तनांना लागणारा वेळ म्हणजे एक सेकंद, असं १९६७ साली ठरलं. २९ मे २०२३ ला गेलेल्या आपल्या एनव्हीएस-०१ या दिशादर्शक उपग्रहात भारतात घडवलेलं रुबिडिअमचं घड्याळ आहे. फ्रान्सिअमचं अर्धआयुष्य २२ मिनिटांचं, म्हणजे तेवढ्या वेळात निम्मे अणू नाहीसे होतात, त्याचा उपयोग विचारू नये.

एक प्रयोग मुलीनं घरी जरूर करावा, तुमच्यासमोर. वरणाचं पातेलं उतू गेलं की गॅसची निळी ज्योत पिवळी होते, हे तुम्ही शेकडो वेळा पाहिलंय. तो मिठातल्या सोडिअमचा रंग. भुसावळच्या स्टेशनावर आणि हायवेवर एलईडी येण्याआधी जे पिवळे दिवे असत, त्यांचाही प्रकाश सोडिअमचाच. आता स्टीलच्या चमच्याचं टोक ओलं करून पोटॅशच्या दोन-चार कणांत बुडवा आणि लांब सांडशीत धरून ज्योतीच्या कडेला न्या. बहुधा पुन्हा पिवळंच दिसेल, कारण पोत्यातल्या पोटॅशमध्ये थोडं मीठ असतंच आणि सोडिअमचा पिवळा सगळ्यांना झाकतो. कॉलेजच्या प्रयोगशाळेत कोबाल्टची निळी काच असते. सरांना विचारून तिथल्या बर्नरवर हेच करायचं आणि काच डोळ्यांसमोर धरायची. पिवळा काचेत अडतो, आणि फिका जांभळा दिसू लागतो.